पिणारा नेमका कोण? जासई-उरणमधल्या दारूच्या वादाचा आढावा

दारूविषयी आपल्याकडे वाद निघाला की तो लगेच दोन टोकांना जाऊन बसतो. बंदी हवी, नाहीतर बंदी नको. उरण तालुक्यातल्या जासईसारख्या गावातलं जगणं मात्र या दोन शब्दांत मावत नाही. इथे एकाच घरात पंढरीची माळ घातलेले आजोबा असतात, श्रीबैठकीला जायला लागल्यापासून बाटलीला हात न लावणारा मुलगा असतो, रोज जिमला जाणारा आणि शनिवारी मित्रांबरोबर बीअर घेणारा नातू असतो, आणि दारूपायी माहेरी एक भाऊ गमावलेली सून असते. चौघांचं दारूविषयीचं मत वेगळं. ते एकमेकांना फारसं पटवतही नाहीत, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरचा पिणारा माणूस वेगळा आहे. बंदी मागणाऱ्याच्या मनात मजुरी बुडवून घरी येणारा नवरा असतो. मुभा मागणाऱ्याच्या मनात स्वतःच्या कमाईतून महिन्यातून दोनदा घेणारा सज्ञान माणूस असतो. बैठकीतल्या माणसाला वाट चुकलेला जीव दिसतो, डॉक्टरला रुग्ण. या चार माणसांची गल्लत झाली की वाद पेटतो आणि काहीच ठरत नाही. म्हणून हा विषय आधी मागून पुढे आणि मग एकेक भूमिका घेऊन पाहायला हवा.

भट्ट्यांचा तालुका

उरणचा आणि दारूचा संबंध जुना आहे, आणि तो पिण्यापेक्षा गाळण्याचा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई शहराला लागणारी मोहाची दारू मोठ्या प्रमाणावर उरणच्या भट्ट्यांत गाळली जाई. भट्ट्यांचे मालक बहुतेक पारशी. मोहाची फुलं गुजरातेतून, पंचमहालासारख्या दूरच्या भागातून येत. उरण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं आणि त्या काळच्या गॅझेटियरात मिठागरं आणि भट्ट्या याच गोष्टींसाठी त्याची नोंद सापडते.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं गाळप मोजक्या ठिकाणी, सरकारी पहाऱ्याखाली आणायचं धोरण पक्कं केलं. गावोगाव गाळली जाणारी दारू मोजता येत नाही आणि जी मोजता येत नाही तिच्यावर कर बसत नाही, हे त्यामागचं साधं कारण. १८९२ मध्ये पुढचं पाऊल पडलं. खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला. कातकरी, ठाकर यांच्या घरी मोहाचं फूल खाल्लंही जातं, टंचाईत तेच पोटाला आधार होतं, ही बाजू कायदा करताना दुय्यम ठरली. माडावर आणि ताडावर झाडागणिक कर वाढला तेव्हा भंडाऱ्यांनी विरोध केला. म्हणजे आजच्या रायगड-ठाणे पट्ट्यात दारूचा पहिला मोठा झगडा पिणं चांगलं की वाईट यावर झाला नाही. घरची, झाडाची, जंगलातली दारू सरकारच्या ताब्यात का जावी, यावर तो झाला. आदिवासी पाड्यांवर आजही मोहाच्या गाळपाकडे चोरी म्हणून पाहिलं जात नाही, त्याचं मूळ इथे आहे. छापा टाकणाऱ्या अधिकाऱ्याला आणि पाड्यावरच्या म्हातारीला एकच कृती अगदी वेगळी दिसते.

नीतीचा आणि आरोग्याचा मुद्दा दुसऱ्या वाटेनं आला. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये, पुणे नगरपालिकेचे सभासद असताना, शहरात दारूची दुकानं वाढवायला लेखी विरोध केला. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेनं पुण्यात गुत्त्यांवर निरोधन, म्हणजे पिकेटिंग, झालं. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये रंगभूमीवर आलं आणि सुधाकर-सिंधू ही दोन नावं मराठी घरात दारूच्या शोकांतिकेची नावं होऊन बसली. आजही व्यसनावर बोलताना आपण नकळत त्या नाटकाच्या चौकटीत बोलतो: एक प्याला, मग घसरण, मग सर्वनाश. गाडगेबाबांनी कीर्तनातून हाच विषय रोजच्या भाषेत, नवस-सावकारीच्या जोडीला आणून सांगितला. पुढे गांधींच्या चळवळीत गुत्त्यासमोरचं निरोधन बायकांचं काम झालं. हा धागा महत्त्वाचा आहे, कारण दारूविरोधात रस्त्यावर उतरणारी बाई ही प्रतिमा तिथून आजपर्यंत अखंड चालत आली.

बंदी आली, विरली, राहिली

१ ऑगस्ट १९३९ रोजी खेर मंत्रिमंडळानं मुंबई शहरात दारूबंदी केली. डॉ. मंचेरशा गिल्डर हे अबकारी खात्याचे मंत्री. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या आग्रहानं १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण बंदी लागू झाली. एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिलं. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं औषधी आणि प्रसाधनाच्या द्रव्यांबाबतची काही कलमं रद्द केली, पण बंदी कायम ठेवली. राज्यघटनेचं ४७ वं कलम बंदीच्या बाजूनं उभं होतं.

बंदीच्या त्या वर्षांत काय झालं याच्या आठवणी खाडीकाठी ताज्या आहेत. खारफुटीत पिंपं पुरून हातभट्टी चालायची. गूळ, नवसागर आणि सडकी फळं यांचा वास ओहोटीला गावात यायचा. माल होड्यांनी मुंबईकडे जायचा. साठच्या दशकात बंदी सैल झाली, परवाने आले, १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकानं अधिकृत झाली. मूळ कायदा मात्र रद्द झाला नाही. आजही महाराष्ट्रात कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो. दारूसाठी किमान वय २५ आणि बीअर-वाईनसाठी २१ आहे. हे दोन्ही नियम किती पाळले जातात, ते जासईच्या हायवेवरच्या कुठल्याही ढाब्यावर कळतं. कायदा मनाई करतो, तिजोरी महसूल घेते आणि समाज डोळेझाक करतो. राज्याच्या धोरणातला हा ताण सत्तर वर्षांत सुटलेला नाही.

अलीकडचे दोन निर्णय त्याची साक्ष देतात. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकायला मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. अभय बंग, अण्णा हजारे आणि इतरांच्या विरोधानंतर तो निर्णय अंमलात आला नाही. जून २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादनशुल्क बरंच वाढवलं गेलं आणि त्याचं कारण उघडपणे महसूल हेच सांगितलं गेलं.

जमीन, पैसा आणि हळद

जासईची स्वतःची गोष्ट इथून वेगळी होते. १९७० पासून ठाणे, पनवेल आणि उरणमधल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी संपादित व्हायला लागली. भातशेती आणि मीठ यांवर जगणाऱ्या आगरी समाजाचा दिवसच बदलला. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि नवघरजवळ झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या बलिदानातून संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व मिळालं. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर आले, गोदामं आली. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू चिर्ल्याला येऊन टेकला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं.

या बदलाविषयी एक वाक्य इथे वारंवार ऐकू येतं: जमिनी गेल्या, पैसा आला आणि पोरं दारूला लागली. ते पूर्ण खोटं नाही. हातात एकदम रक्कम आली, रोजचं अंगमेहनतीचं काम गेलं आणि दिवसाचे तास मोकळे झाले, ही व्यसनाला पोषक स्थिती आहे. तरी हे वाक्य जपून वापरायला हवं असं मला वाटतं. मोबदला अपुरा होता म्हणून माणसं मेली. त्याच समाजाच्या नुकसानीचं खापर पुन्हा त्याच्याच सवयींवर फोडलं जातं, तेव्हा भूसंपादनाचा हिशेब मागे पडतो. शिवाय याच पैशातून शाळा-कॉलेजं झाली, वाहतुकीचे धंदे उभे राहिले, हेही तितकंच खरं.

हळदीची गोष्ट मात्र गावानं स्वतःच मान्य केलेली आहे. आगरी लग्नात हळदीची रात्र लग्नाहून मोठी. मांडवात पाट मांडलेला असतो, धवलारीण गात असते, नवऱ्या मुलाला करवल्या हळद लावतात, बाहेर मटणाचे टोप चढलेले असतात आणि मांडवामागे टेम्पोच्या आडोशाला वेगळी पंगत बसते. पूर्वी तिथे माडी नाहीतर घरची दारू असे, मानाचा घोट म्हणून. आज खोक्यांनी बाटल्या येतात आणि किती खोकी आली यावर यजमानाची पत मोजली जाते. न पिणाऱ्या यजमानालाही ती आणावी लागतात, कारण मागच्या लग्नात समोरच्यानं आणली होती. ठाणे-रायगड पट्ट्यात अनेक आगरी-कोळी गावांनी हळदीतली दारू, डीजे आणि वारेमाप खर्च यांना आळा घालण्याचे ठराव केले आहेत. काही टिकले, काही पहिल्याच मोठ्या घरच्या लग्नात मोडले. या ठरावांमागचा आग्रह आरोग्याचा कमी आणि कर्जाचा जास्त असतो. माझ्या मते म्हणूनच ते गावात पोहोचतात.

पहिली भूमिका : दुकान बंद करा

बंदीच्या बाजूचा सगळ्यात भक्कम आवाज महाराष्ट्रात गडचिरोलीतून आला. तिथे अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेसह अनेक संघटनांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्हाबंदी झाली. २०१६ पासून तिथे ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम चालतो, त्यात बंदी, गावसंघटन आणि उपचार हे तिन्ही एकत्र आहेत. वर्धा त्याआधीपासून गांधींच्या नावानं कोरडा जिल्हा. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली बायकांनी मोर्चे काढले आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळानं ती उठवली.

या भूमिकेचा गाभा घरखर्चात आहे. गरीब घरात दारूचा पैसा धान्यातून, फीमधून, औषधातून जातो, आणि मार बाईला बसतो. त्यामुळे पिणं ही पिणाऱ्याची खासगी बाब उरत नाही. जवळ दुकान असेल तर संध्याकाळी पाय तिकडे वळतात, दहा किलोमीटरवर असेल तर काही जणांचे वळत नाहीत, इतकं हे सरळ गणित आहे. बिहारमधून त्याला आकड्यांचा आधार मिळाला. तिथे २०१६ मध्ये बंदी झाली आणि २०२४ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं असं मांडलं, की बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिणाऱ्यांत सुमारे २४ लाखांची आणि जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेत सुमारे २१ लाख घटनांची घट झाली.

महाराष्ट्रात जिल्हाबंदी न मागताही गावाच्या हातात एक साधन आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकानासाठी गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू आणि आडवी बाटली म्हणजे बंद. आडवी जिंकायला यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांचा कौल लागतो, फक्त मतदानाला आलेल्यांच्या निम्म्याचा नव्हे. मजुरीवर गेलेली, माहेरी गेलेली, लग्न होऊन गेली तरी यादीत नाव राहिलेली बाई यात विरोधी मतासारखीच मोजली जाते. अनेक गावं इथेच हरतात.

दुसरी भूमिका : सज्ञान माणसाला ठरवू द्या

बंदीचे विरोधक दारूचे समर्थकच असतात हा समज चुकीचा आहे. याचं सगळ्यात लख्ख उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आणि त्याच आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीवर कडक टीका केली होती. महसूल बुडतो आणि गाळप घराघरात शिरतं, हा त्यातला रोख. माणसानं स्वतः सोडावी, सरकारनं हिसकावू नये, अशी ती सुसंगत भूमिका आहे. आजच्या चर्चेत ती फार क्वचित येते याचं मला वाईट वाटतं.

या बाजूचा दुसरा आधार विषारी दारूचा आहे. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या हातभट्टीनं घरंच्या घरं उद्ध्वस्त केली. एकट्या मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली. डिसेंबर २०२२ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात सत्तरहून अधिक मृत्यू झाले, तेही बंदी असताना. या बाजूचे लोक सांगतात की कायदेशीर दारू महाग केली किंवा दूर नेली तर पिणारा स्वस्त आणि जवळच्या विषाकडे जातो. चंद्रपूरची बंदी उठवताना सरकारनं अवैध व्यापाराचं कारण पुढे केलं. बंदीवाल्यांचं त्यावरचं उत्तरही नोंदवायला हवं: मालवणी आणि विक्रोळी बंदीच्या प्रदेशात नव्हत्या. विषारी दारू परवाना पद्धतीतही येते, कारण तिचं मूळ किमतीच्या फरकात आणि हप्त्यांत आहे.

जासईजवळ या भूमिकेचा आणखी एक थर आहे. बंदराच्या रस्त्यावरचे ढाबे, परमिट रूम, वाईन शॉप यांत गावातल्याच पोरांची गुंतवणूक आणि नोकऱ्या आहेत. १५ डिसेंबर २०१६ च्या आदेशानं सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करायला सांगितलं आणि १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला, तेव्हा अशा दुकानांची शटरं एका रात्रीत खाली आली. वीस हजारांहून कमी वस्तीत अंतर २२० मीटर ठरलं आणि पुढच्या निकालांनी आधी नगरपालिका हद्दीला, मग काही ग्रामपंचायतींनाही सवलत मिळाली. रस्त्यावर कंटेनर तेवढेच राहिले. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंड आहे. या एका नियमावर मात्र चारही भूमिका एकमतानं उभ्या आहेत.

तिसरी भूमिका : संगत बदला

रायगडातला सगळ्यात मोठा बदल कायद्यानं झाला नाही, बैठकीनं झाला. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये सुरू केलेली श्रीबैठक आज उरण-पनवेल-अलिबागच्या गावागावात आहे. आठवड्यातला वार ठरलेला. बायकांची बैठक वेगळी, पुरुषांची वेगळी. सगळे सतरंजीवर ओळीनं बसतात, दासबोधावर निरूपण होतं, वर्गणी नाही, हार-तुरे नाहीत. नवा माणूस बहुतेक वेळा बायकोच्या किंवा शेजाऱ्याच्या आग्रहानं येतो. त्याला कुणी दारूबद्दल जाब विचारत नाही. काही आठवड्यांनी वार चुकू नये म्हणून तो आदल्या संध्याकाळी घेत नाही, मग घेतच नाही. अनेक घरांत हळदीतली खोकी बंद झाली ती ग्रामसभेच्या ठरावानं नव्हे, यजमान श्रीसदस्य, म्हणजे बैठकीचा अनुयायी, झाल्यानं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये नानासाहेबांचे पुत्र आप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्र भूषण देताना जमलेला जनसागर हा या पसाऱ्याचा अंदाज देणारा होता. त्या दिवशी उष्माघातानं झालेल्या मृत्यूंची नोंदही त्याबरोबर घ्यायलाच हवी.

वारकऱ्यांची माळ हेच काम जुन्या रीतीनं करते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) ही १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली आणि १९५७ पासून भारतात असलेली बंधुता ते निराळ्या भाषेत करते. तिथे आडनाव विचारत नाहीत, फी नाही, आणि प्रतिज्ञा आयुष्यभराची नसते, आजच्या दिवसाची असते. श्रावणही याच घराण्यातला: महिनाभर थांबायची समाजमान्य सबब. गटारीला आधीच भरपाई केली जाते ही खंत खरी आहे, तरी ‘माझा श्रावण आहे’ या वाक्यापुढे आग्रह करणारा मित्र गप्प बसतो, हा उपयोग कमी समजू नये.

या भूमिकेवरचे आक्षेप दोन. संगतीत न बसणाऱ्याचं काय, वेगळ्या श्रद्धेच्या किंवा श्रद्धाच नसलेल्या माणसाचं काय, हा पहिला. पुन्हा घसरलेला माणूस लाजेनं बैठकीला जायचं थांबवतो आणि मदतीची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच एकटा पडतो, हा दुसरा. तिसरा मुद्दा आक्षेप नव्हे, वैद्यकीय इशारा आहे. रोज भरपूर पिणाऱ्यानं देवापुढे शपथ घेऊन एकदम सोडली तर काही तासांत हात थरथरतात, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. अशा माणसाची माळ आणि डॉक्टरची भेट एकाच दिवशी झाली पाहिजे.

चौथी भूमिका : हा आजार आहे, आणि हे प्रमाण आहे

दारू कर्करोगकारक आहे असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच ठरवलं. थोडी दारू हृदयाला बरी, हा समज नंतरही बराच काळ टिकला. २०१८ च्या जागतिक अभ्यासानं निरपवाद सुरक्षित प्रमाण शून्य मांडलं. २०२२ मध्ये त्याच अभ्यासमालिकेनं थोडी दुरुस्ती केली: चाळिशीच्या आतल्यांना कसलाच फायदा नाही, त्यापुढच्या निरोगी माणसाला अगदी थोड्या प्रमाणात काही असू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही असं जाहीर केलं. थोडं पिणाऱ्या मध्यमवयीन माणसाला नेमकं काय सांगावं यावर तज्ज्ञ अजून भांडतात. जास्त पिणाऱ्याबद्दल भांडण नाही.

जास्त म्हणजे किती, हे मात्र जिमला जाणाऱ्या पोरालाही ठाऊक नसतं. बीअर म्हणजे दारू नव्हे, हा समज इथे घट्ट आहे. साडेसहाशे मिलिलिटरच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरमध्ये सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे तीस मिलिलिटरचे चार पेग. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम, आणि एका बैठकीत ६० ग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची ‘जड’ पिण्याची रेषा आहे. ‘एक क्वार्टरच घेतो’ म्हणणारा माणूस त्या रेषेवर उभा असतो. प्रोटीन मोजून खाणारी, कबड्डीच्या सरावाला पहाटे उठणारी ही पिढी आकड्यांची भाषा ऐकते. तिच्यापर्यंत हा हिशेब अजून कुणी नीट नेलेला नाही.

देशपातळीवर एम्सनं २०१९ मध्ये मांडलेल्या पाहणीत १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक पिणारे निघाले आणि त्यांतल्या ५.७ कोटींना मदतीची गरज होती. म्हणजे पिणाऱ्यांपैकी बहुतेक जण आजारी नाहीत, आणि तरी आजाऱ्यांची संख्या प्रचंड आहे. बंदी आणि मुभा या दोन्ही बाजूंनी या वाक्याचा सोयीचा अर्धा भाग तेवढा उचलला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातले सुमारे १४ टक्के पुरुष आणि अर्ध्या टक्क्याहून कमी स्त्रिया पिणाऱ्या आढळल्या. बहुतांश न पिणाऱ्यांचं हे राज्य आहे, ही गोष्ट हळदीच्या मांडवात कुणाला खरी वाटणार नाही.

उपचार आहेत. पुण्याचं ‘मुक्तांगण’ अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं सुरू केलं. साताऱ्यात ‘परिवर्तन’ आहे, मुंबईत फादर जो परेरांची ‘कृपा’. नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही औषधं उपलब्ध आहेत. लोकलच्या डब्यात आणि रिक्षांच्या मागे मात्र ‘न सांगता दारू सोडवा’ अशा पुड्यांच्या जाहिराती असतात. जेवणात गुपचूप डायसल्फिरामसारखं औषध घातलं आणि त्यावर तो माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळून जीवाला धोका होतो. हताश बायको हे करते, कारण जवळ दुसरं काही नाही. एम्सच्या त्याच पाहणीप्रमाणे दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांतून एकालाच कसले तरी उपचार मिळतात. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही टेलिमानसची मोफत मदतवाहिनी आहे. हे दोन क्रमांक दुकानाच्या परवान्याइतक्याच ठळक अक्षरांत गावात लावता येतील.

काय सुटलेलं नाही

पहिला प्रश्न किमतीचा. स्कॉटलंडनं २०१८ मध्ये अल्कोहोलच्या प्रमाणानुसार किमान किंमत ठरवली आणि तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं २०२३ मध्ये दारूमुळे थेट होणाऱ्या मृत्यूंत सुमारे १३ टक्के घट नोंदवली. महाराष्ट्रात ते चालेल का, हे खाडीतली हातभट्टी किती आवाक्यात राहते यावर ठरेल. २०२५ च्या करवाढीकडे म्हणून महसुलापलीकडे, आरोग्याच्या नजरेनं पाहायला हवं. त्यासाठी त्याआधीचे आणि नंतरचे यकृतविकाराचे, अपघातांचे, मारहाणीच्या तक्रारींचे आकडे एकत्र मांडावे लागतील.

दुसरा प्रश्न पिणाऱ्या बाईचा. चारही भूमिकांत बाई येते ती पीडित किंवा आंदोलक म्हणून. पिणारी बाई कुठेच येत नाही. प्रमाण कमी आहे म्हणून ती उपचारापर्यंत पोहोचणं आणखी अवघड, कारण तिच्यासाठी सवय मान्य करणं म्हणजेच घरातलं स्थान पणाला लावणं.

तिसरा प्रश्न उपचार आणि संगत यांच्या जोडणीचा आहे. मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बैठकीकडे माणसं आहेत, विश्वास आहे, गावागावात जागा आहे. दवाखान्याकडे औषध आहे, पण माणूस तिथे जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर पहिले पाच दिवस सांभाळेल आणि पुढची पाच वर्षं बैठक, माळ किंवा एएचा गट सांभाळेल, अशी व्यवस्था कुठल्याही विचारसरणीला न दुखवता उभी राहू शकते. गडचिरोलीत तिची एक आवृत्ती आहे. रायगडात बंद-चालूच्या वादात तिची चर्चाच होत नाही.

चौथा प्रश्न जासईच्या बदलत्या भूगोलाचा. मतदानाचा हक्क ग्रामपंचायतीच्या किंवा वॉर्डाच्या यादीला बांधलेला आहे. इथलं गिऱ्हाईक मात्र बंदरातून, सेतूवरून, विमानतळावरून येणारं आहे, आणि शेजारी उलवे-द्रोणागिरीच्या इमारतींत रोज नवी कुटुंबं राहायला येत आहेत. उद्या गावठाणातल्या बायकांनी आडवी बाटली मागितली तर यादी कुणाची धरायची, जुन्या गावाची की नव्या वस्तीची, आणि हायवेपलीकडचं दुकान कुणाच्या हद्दीत येतं? दर नव्या परवान्याच्या वेळी हा प्रश्न उभा राहणार आहे, आणि २००८ चा आदेश लिहिला गेला तेव्हा नवी मुंबईच्या काठावरची अशी गावं डोळ्यांसमोर नव्हती.